गोड गर, कडू बी

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने तुम्हाला सांगितले, "लिंबाखाली बसलोय, तिकडंच या," तर आंबट लिंबू देणारे झाड शोधत फिरू नका. मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुनिंब. तुमच्या घरी ज्याला नीम म्हणतात, तेच हे झाड. आंबट फळाला इकडे लिंबू म्हणतात आणि त्याच्या झाडाला लिंबोणी. कडुनिंबाच्या फळाला पुस्तकात निंबोळी लिहितात, खेड्यात तिला लिंबोळी म्हणतात आणि उर्दूत ती निबोली होते. नीम, निंब, लिंब असे शब्द तीन झाले, पण झाड एकच.

या पाठात आपल्याला झाडापेक्षा त्याच्या फळाविषयी जास्त बोलायचे आहे. कडुनिंबाची पाने, साल आणि दातून यांचे गुण तुम्ही घरी ऐकलेले असतात. निंबोळीकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. जून महिन्यात ती पायाखाली चिरडते, चपलेला चिकटते आणि आपण पुढे जातो.

जालना जिल्हा तसा कमी पावसाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. बांधावरचा लिंब मात्र अशा वर्षीही सहसा तग धरतो, कारण त्याची मुळे खोल जातात. अंबडपासून भोकरदनपर्यंत कुठेही जा, शेताच्या बांधावर, विहिरीजवळ, एस.टी.च्या थांब्यावर, मशिदीच्या अंगणात आणि देवळाच्या पारावर हे झाड तुम्हाला भेटेल. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची जुनी पाने गळतात आणि तांबूस पालवी फुटते. मग पांढऱ्या, बारीक फुलांचे घोस येतात. संध्याकाळी त्यांचा मंद, गोड वास दूरवर पसरतो. गुढीपाडव्याच्या दिवशी मराठी घरांत कडुनिंबाची कोवळी पाने किंवा फुले गुळाबरोबर खातात, ती याच दिवसांत. या फुलांवर मधमाश्याही येतात. फुले झडली की हिरव्या निंबोळ्या दिसू लागतात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास, म्हणजे जून-जुलैमध्ये, त्या पिकून पिवळ्या होतात.

एक पिकलेली निंबोळी हातात घ्या. आकाराने ती अगदी लहान खजुरासारखी असते. साल पातळ असते. बोटांनी दाबली की आतली बी सुळकन बाहेर येते. बीभोवती थोडासा बुळबुळीत गर असतो. तो गोड असतो, पण जिभेवर मागे किंचित कडवटपणा ठेवून जातो. बीला टणक कवच असते आणि कवचाच्या आत मगज असतो. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच. मगज इतका कडू असतो, की एकदा चावला तर दिवसभर आठवण राहते. एकाच फळात बाहेर गोड आणि आत कडू, असे का बरे असावे?

त्याचे उत्तर पाखरांकडे आहे. झाडाला पाय नसतात. त्याच्या सगळ्या बिया त्याच्याच सावलीत पडल्या, तर रोपांना ना ऊन मिळेल ना पाणी. म्हणून बी दूर नेणारा कोणीतरी हवा. गोड गर ही त्या वाहतुकीची मजुरी आहे. साळुंकी, बुलबुल, कोकीळ आणि कावळा हे सगळे निंबोळीचे गिऱ्हाईक. कोकिळेची गंमत अशी, की तिचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते आणि मोठे झाल्यावर निंबोळी खायला त्याच झाडावर कावळ्याच्या शेजारी येऊन बसते. पाखरू गर पचवते, बी तशीच टाकते. रात्री वटवाघळे येतात. ती फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जातात, तिथे उलटी लटकून गर चोखतात आणि बी खाली सोडतात. वटवाघळांच्या बसण्याच्या जागेखाली सकाळी स्वच्छ, पांढरट बियांचा सडा पडलेला असतो. खेड्यातले लोक तो गोळा करतात, कारण या बियांवरचा गर काढण्याचे काम आधीच झालेले असते.

आता तुमच्या लक्षात येईल, की कुंपणाच्या तारेखाली, विजेच्या खांबाजवळ, पडक्या भिंतीच्या कडेला आणि बाभळीच्या आधाराने कडुनिंबाची रोपे का उगवतात. तिथे कोणी ती लावलेली नसतात. वर पाखरू बसले होते, एवढाच त्याचा अर्थ. बाभळीचे काटे शेळ्यांना रोपापर्यंत येऊ देत नाहीत, हा आणखी एक फायदा. नाहीतर दुष्काळात चारा संपला की शेळ्या कडुनिंबाचा पालाही सोडत नाहीत.

गर वाहतूकदारासाठी आहे, मग कडू मगज कोणासाठी? तो बीच्या रक्षणासाठी. बीमध्ये नव्या रोपाची शिदोरी असते आणि ती खायला किडे टपलेले असतात. झाडाने त्या शिदोरीत किड्यांना न मानवणारी द्रव्ये भरून ठेवली आहेत.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ढोबळपणे ठाऊक होती. आपल्या आजी-नानी गव्हाच्या कोठीत आणि गरम कपड्यांच्या पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत आल्या, तो उगाच नव्हे. पण शास्त्रज्ञांचे लक्ष निंबोळीकडे वळले ते टोळांमुळे. १९५९ साली सुदान देशात मोठी टोळधाड आली होती. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर तेव्हा तिथे काम करत होते. टोळांनी आजूबाजूची सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडे तेवढी शिल्लक राहिली. टोळ त्यांच्यावर बसत आणि न खाता उडून जात. पुढे १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा मगज पाण्यात कालवून उभ्या पिकांवर फवारला. टोळ आले, पिकावर उतरले, पण त्यांनी ते पीक खाल्ले नाही.

या कडू द्रव्यांतले सर्वांत प्रभावी द्रव्य १९६८ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात वेगळे करण्यात आले. त्याचे नाव अझाडिराक्टिन. नाव उच्चारायला अवघड वाटते ना? तुम्हाला ते अवघड वाटू नये. कडुनिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिराक्टा इंडिका असे आहे आणि त्यातला पहिला शब्द फारसी 'आझाद दरख्त' यावरून आला आहे. आझाद म्हणजे मुक्त किंवा थोर, दरख्त म्हणजे झाड. वर्गातल्या ज्या मुलांना हे नाव ऐकताच अर्थ कळेल, अशी मुले तुमच्याच शाळेत सापडतील.

अझाडिराक्टिन किड्याला एकदम मारत नाही. विषारी औषध फवारले की किडे तडफडून पडतात, तसे इथे होत नाही. ज्या पानावर हे द्रव्य आहे, ते पान किडा खाणे सोडतो. ज्या अळीने ते थोडेफार खाल्ले, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. अळीला मोठे होण्यासाठी वेळोवेळी कात टाकावी लागते. ती टाकता आली नाही, की तिची वाढ खुंटते आणि ती मरते. पाखरे आणि माणसे कात टाकत नाहीत, त्यामुळे द्रव्याचा हा मारा त्यांच्यावर चालत नाही. या द्रव्याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की केंब्रिज विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत बनवण्यासाठी २२ वर्षे लागली. २००७ साली त्यांना यश आले. बांधावरचा लिंब तेच काम दर उन्हाळ्यात, कसलाही गाजावाजा न करता, करत असतो.

निंबोळीच्या शास्त्रातले पहिले मोठे नाव मात्र आपल्याच उपखंडातले आहे. डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांचा जन्म १८९७ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात झाला. ते अलिगढला शिकले आणि पुढे जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात रसायनशास्त्राचे डॉक्टर झाले. परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या सांगण्यावरून युनानी औषधी वनस्पतींचा अभ्यास सुरू केला. सर्पगंधा या वनस्पतीतून त्यांनी एक औषधी द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या आठवणीसाठी त्याला अजमलिन हे नाव दिले. १९४२ साली त्यांनी निंबोळीच्या तेलातून कडू द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यांतल्या एकाचे नाव त्यांनी निंबिन ठेवले. हकीम-वैद्य ज्याला शतकानुशतके नुसते 'कडू' म्हणत होते, त्याचे असे पहिल्यांदा तुकडे करून पाहिले गेले. १९५१ साली ते पाकिस्तानात गेले आणि १९९४ साली कराचीत त्यांचे निधन झाले. ते चित्रकारही होते.

ज्ञान सर्वांचे असले, तरी त्यावर कोणी एकटाच हक्क सांगू शकतो. कडुनिंबाच्या बाबतीत असे खरोखर घडले. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ साली युरोपात एक पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा कायदेशीर हक्क. निंबोळीच्या तेलाने पिकांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याची पद्धत आपण शोधली, असा त्यांचा दावा होता. भारतातल्या वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. म्युनिक शहरात सुनावणी झाली. तिथे पुण्याचे उद्योजक अभय फडके यांनी साक्ष दिली, की असे प्रयोग महाराष्ट्रात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर १९८५ आणि १९८६ सालीच झाले होते. जे आधीच केले गेले आहे, तो नवा शोध कसा? मे २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने अपील झाले, तेही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. बांधावरच्या झाडासाठी दहा वर्षे परदेशात खटला चालला, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण निंबोळीचे मोल किती आहे, ते या खटल्यावरून कळते.

आता पुन्हा जालन्यात येऊ. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आज हा जिल्हा बी-बियाणे, मोसंबी आणि कापूस यांसाठी ओळखला जातो. कापसावर मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी या बारीक किडी नेहमी येतात. त्या पानांतला रस शोषून घेतात. त्यांच्यासाठी शेतकरी निंबोळीचा अर्क करतात. तो करायला कारखाना लागत नाही. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून त्यांचा भरडा करतात आणि तो सुमारे दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी ते पाणी फडक्यातून गाळून घेतात. दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून तो त्यात मिसळतात, म्हणजे अर्क पानांना नीट चिकटतो. मग एकूण शंभर लिटर होईल इतके पाणी घालून फवारतात. फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हात अझाडिराक्टिन लवकर निकामी होते. उरलेला अर्क विहिरीत किंवा तळ्यात ओतायचा नाही. माशांना तो अपाय करतो.

हे सगळे वाचून निंबोळी म्हणजे प्रत्येक किडीवरचा रामबाण उपाय आहे, असे मात्र समजू नका. कापसाची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरून बसते. बाहेर फवारलेला अर्क तिच्यापर्यंत कसा पोहोचणार? जे लोक निंबोळीने सर्व काही बरे होते असे सांगतात, ते शेतकऱ्याची फसवणूक करतात. तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर विषारी औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. ज्या किडीसाठी निंबोळी पुरेशी आहे, तिथे तरी विषाचा डबा उघडावा लागू नये, एवढे ती नक्की करू शकते.

अर्क चांगला व्हायचा, तर निंबोळी वेळेवर गोळा करावी लागते. खरी अडचण इथेच आहे. निंबोळी पिकते आणि पाऊस सुरू होतो, पेरणीची घाईही त्याच दिवसांत. ओल्या मातीत पडून राहिलेल्या निंबोळीला बुरशी लागते आणि तिचा उपयोग संपतो. म्हणून बाया सकाळी लवकर झाडाखाली झाडून घेतात, खराटा मारतात आणि संध्याकाळपर्यंत पडलेल्या निंबोळ्या पाटीत भरतात. गर चोळून, धुऊन काढावा लागतो आणि बी सावलीत वाळवून गोणपाटाच्या पोत्यात भरावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते. पंधरा दिवसांचे हे काम टाळले, की पुढे वर्षभर बाजारातून औषध आणावे लागते.

शेतात उपयोगी पडणारी वस्तू घरात तशीच उपयोगी पडेल, असे नाही. हा भाग नीट वाचा आणि घरी वाचून दाखवा. झाडाखाली खेळताना एखादी निंबोळी चोखून बी थुंकून टाकली, तर सहसा काही होत नाही. पण बियांपासून काढलेले तेल लहान बाळाला पाजणे फार धोक्याचे आहे. सर्दी-खोकला झाला किंवा जंत झाले म्हणून काही घरांत बाळाला कडुनिंबाचे तेल चमच्याने देत. १९८१ साली मलेशियातल्या डॉक्टरांनी अशा मुलांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. तेल पोटात गेल्यावर थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, मूल गुंगीत गेले, श्वास जोरात चालू लागला आणि झटके आले. यकृतावरही परिणाम झाला होता. तेल देणारे आईवडील किंवा आजी-आजोबाच होते आणि त्यांनी ते मायेनेच दिले होते. 'झाडपाल्याचे औषध आहे, त्याने काय होणार?' असे कोणी म्हणाले, तर या मुलांची आठवण करा. आणि एखाद्या बाळाला चुकून तेल पाजले गेलेच, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखान्यात न्या. तेलाची बाटलीही सोबत न्या.

दुसरा धोका ओळखण्यातला आहे. कडुनिंबासारखेच दिसणारे एक झाड रस्त्याच्या कडेला आणि अंगणात शोभेसाठी लावतात. मराठीत त्याला बकाण निंब म्हणतात, उर्दूत बकायन. त्याच्या शास्त्रीय नावातही तोच 'आझाद दरख्त' लपलेला आहे, म्हणजे ही दोघे नावानेही भाऊच. पण स्वभाव वेगळा. बकाणाची फळे माणसाला विषारी आहेत. ती खाल्ल्याने मुलांना उलट्या, जुलाब आणि झटके येतात, काहींचा जीवही गेला आहे. डुकरे आणि इतर जनावरेही ती खाऊन मरतात. पाखरे मात्र हीच फळे खातात.

दोन्ही झाडे ओळखायची कशी? कडुनिंबाचे पान म्हणजे एक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारख्या कडांच्या पानांची रांग. बकाणात त्या मुख्य काडीला पुन्हा लहान काड्या फुटतात आणि पाने त्यांच्यावर असतात. कडुनिंबाचे फूल पांढरे, बकाणाचे फिकट जांभळे. कडुनिंबाचे फळ लांबट असते आणि पावसाच्या सुरुवातीला गळून जाते. बकाणाचे फळ गोल असते आणि ऐन हिवाळ्यात, पाने झडल्यावरही, पिवळ्या मण्यांच्या घोसासारखे फांद्यांवर लटकत राहते. ते दिसते सुंदर आणि लहान मुलांना हात लावावासा वाटतो. म्हणून तर भीती.

थंड देशांतही अशीच एक जात आहे. युरोपात हॉली नावाचे काटेरी पानांचे झाड असते. नाताळात त्याच्या डहाळ्या घरात लावतात. हिवाळ्यात त्याला लालभडक फळे येतात. माणसाने खाल्ली तर उलट्या होतात. पण बर्फाच्या दिवसांत कस्तुर जातीच्या पाखरांना त्यांचा मोठा आधार असतो. त्यातला एक पक्षी तर आपले झाड राखत बसतो आणि दुसऱ्या पाखरांना हाकलून लावतो. पाखराने खाल्लेले फळ आपल्यालाही चालेल, असा हिशेब हॉलीलाही लागू होत नाही आणि बकाणालाही नाही.

तेव्हा जून महिन्यात बी गोळा कराल, तेव्हा वर पाहा आणि झाड कडुनिंबाचेच आहे याची खात्री करा. पिकलेल्या पिवळ्या निंबोळ्या घ्या, हिरव्या नकोत. गर धुऊन टाका. बी पुढच्या वर्षासाठी डबीत भरून ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांतच तिची उगवण्याची शक्ती कमी होऊ लागते. ती लगेच बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल मातीत पुरा आणि माती ओली ठेवा. साधारण पंधरा दिवसांत दोन जाड दले वर येतील. त्यांच्यामागून करवती कडांचे पहिले पान दिसेल. शेळ्या येत असतील, तर भोवती बाभळीच्या चार काट्या रोवा.